शेवटचा जुळलेला बॉल
(दहावी १९९६च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' अशी करून दिली. ते खरं आहे. पण या मैदानावर माझी पहिली नोकरी वेगळी होती. मी स्कोअरर होते. पगार म्हणजे एक कटिंग चहा आणि सामना जिंकला तर एक वडापाव. तीस वर्षांत माझ्या हुद्द्यात बरीच वाढ झाली असली, तरी त्या नोकरीत मी जे शिकले ते पुढे कुठल्याच कंपनीच्या प्रशिक्षणात मिळालं नाही.

मला विषय दिला होता 'शाळेने मला काय दिलं'. दहा मिनिटांत सगळं सांगता येणार नाही, म्हणून एकच गोष्ट सांगते. ती क्रिकेटची आहे, माझ्या चर्चची आहे, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असलेल्या एका भांडणाचीही आहे. होय, आपल्या ग्रुपवरचं तेच भांडण. हसू नका. ज्यांना ते ठाऊक नाही त्यांनी बरंच काही वाचवलं आहे.

आधी १९९६ आठवा. तेव्हा आपला जिल्हा ठाणे होता. डहाणूला मुंबईची लोकल यायला अजून सतरा वर्षं होती. दहावीचं वर्ष, समोर बोर्डाची परीक्षा आणि त्याच मार्चमध्ये वर्ल्ड कप! कोणत्या वेळापत्रकवाल्याने हा सूड उगवला होता देव जाणे. ९ मार्चला बंगळूरला आपण पाकिस्तानला हरवलं आणि मसोलीत फटाके वाजले. चारच दिवसांनी, १३ मार्चला, ईडन गार्डनवर सेमीफायनल. श्रीलंकेच्या २५१ धावांचा पाठलाग करताना सचिन ६५वर यष्टिचीत झाला. १ बाद ९८वरून आपण ८ बाद १२०वर आलो. लोकांनी बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये जाळपोळ केली, आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला देऊन टाकला. रडत मैदानाबाहेर जाणारा विनोद कांबळी आपण सगळ्यांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी पी.टी.चे सर एवढंच म्हणाले, "ज्याला हरणं लिहिता येत नाही त्याने पेन्सिल हातात धरू नये."

सर तसं का म्हणाले ते मला कळलं, कारण दोनच महिन्यांपूर्वी त्यांनी मला हरणं लिहायला लावलं होतं.

जानेवारीतला एक रविवार होता. टेनिस बॉलच्या दहा ओव्हरांच्या स्पर्धेची फायनल, आपली मसोलीची पोरं विरुद्ध वाणगावचा संघ. सामना नऊला, आणि आमच्या चर्चची भक्ती आठला. ती साडेनऊशिवाय सुटायची नाही. मी घरात रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. पपा चर्चच्या पंचमंडळात होते, आणि गंमत अशी की क्रिकेटचं वेड मला त्यांच्याकडूनच आलेलं. त्यामुळे मला वाटलं, हा माणूस तरी समजून घेईल.

पपांनी मला एरिक लिडेलची गोष्ट सांगितली. स्कॉटलंडचा हा धावपटू १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरला पदकाचा मोठा दावेदार होता. त्या शर्यतीची प्राथमिक फेरी रविवारी होती, म्हणून तो तीत धावला नाही. त्याऐवजी त्याने ४०० मीटरची तयारी केली आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकलं. १०० मीटरचं सुवर्ण त्याच्याच संघातल्या हॅरॉल्ड अब्राहम्सला मिळालं, आणि तो ज्यू होता. मी पपांना विचारलं, "मग रविवारी धावले त्या सगळ्यांनी पाप केलं का?" पपा म्हणाले, "तसं म्हणण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नाही." मग त्यांनी रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय उघडून माझ्यासमोर ठेवला. पौल तिथे सांगतो की कुणी एक दिवस इतरांपेक्षा मोठा मानतो, कुणाला सगळे दिवस सारखेच. ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी आणि दुसऱ्याचा न्याय करत बसू नये. पपा म्हणाले, "मला विचारशील तर भक्तीला चल. पण मन तुझं तूच विचार."

मी विचारलं. खरं सांगते, माझं मन मैदानावरच जात होतं. तरी मी चर्चला गेले, कारण पपांनी मला ढकललं नव्हतं. ढकललं असतं तर मी नक्की पळून गेले असते.

प्रश्न उरला वहीचा. तो सोडवला माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने. तिचं नाव इथे घेत नाही. ती समोरच बसली आहे, आणि कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या घरी सचिनचा फोटो देवघराच्या बाजूला होता आणि मोठ्या सामन्याच्या दिवशी तिची आई नारळ ठेवायची. तिचा भाऊ आपल्या संघात होता. ती म्हणाली, "तू तुझ्या देवाकडे जाऊन ये. तोवर वही मी धरते." शनिवारी संध्याकाळी तिने माझ्याकडून वाइडची खूण, नो बॉलचं वर्तुळ, बाय, लेगबाय सगळं घोटून घेतलं.

शेवटचं गीत संपल्या संपल्या मी चपला हातात घेऊन धावले. सहा ओव्हर झाल्या होत्या. तिने वही माझ्या हातात दिली. एकही खाडाखोड नव्हती. वाणगावचा स्कोअरर आमच्या शेजारीच बसला होता. तुम्हाला माहीत असेल, दोन संघांचे दोन स्कोअरर शेजारी शेजारी बसतात. प्रत्येक ओव्हर संपली की दोघांनी मोठ्याने आकडा म्हणायचा आणि जुळवायचा. मी धापा टाकत होते. सातव्या ओव्हरनंतर आकडा म्हणायचं राहिलं आणि मग राहतच गेलं.

डाव संपला. माझ्या वहीत वाणगावच्या ६१ धावा, त्याच्या वहीत ६२. झाली बाचाबाची! आमची पोरं एकीकडे, त्यांची एकीकडे. मी ओरडत होते की माझीच वही बरोबर आहे. पी.टी.चे सर आले, दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाले, "शेवटून भांडू नका. मागे जा. दोघांचा जुळलेला शेवटचा बॉल कुठला ते आधी सांगा."

आम्ही मागे गेलो. सहाव्या ओव्हरच्या शेवटी दोन्हीकडे ३८. म्हणजे मैत्रिणीने लिहिलेलं सगळं बरोबर होतं. तिथून एकेक बॉल पुढे मोजत आलो. सातव्या ओव्हरमधला एक वाइड मी लिहिलाच नव्हता. अंपायरलाही तो आठवत होता. सरांनी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि ती एक धाव मला माझ्या हाताने लिहायला लावली.

पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. आपण ६१ केल्या. एका धावेने हरलो.

त्या संध्याकाळी संघातला एक जण मला म्हणाला, "चर्चमध्ये गेली नसतीस तर हरलो नसतो." मी गप्प राहिले, कारण मलाही मनातून तसंच वाटत होतं. उत्तर दिलं ते मैत्रिणीने. "वाइड आपल्या बॉलरने टाकला. हिने तो फक्त लिहायचा राहिला. आणि लिहिला नसता तरी तो पडला नसता का?" एवढं बोलून ती माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आली. वाटेत दोघींनी एकही शब्द उच्चारला नाही.

आता तीस वर्षं पुढे येते.

३० ऑक्टोबर २०२५. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला वर्ल्ड कपची सेमीफायनल होती. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा, आणि समोर आपल्या मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज. १३४ बॉलमध्ये नाबाद १२७. तोवर महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढ्या धावांचा पाठलाग कुणीच केला नव्हता. सामना संपल्यावर माइक पुढे आला तेव्हा तिने रडत रडत आधी येशूचे आभार मानले. हे मी एकटीने केलं नसतं, म्हणाली. आईवडील, कोच, विश्वास ठेवणारे सगळे, सर्वांची नावं घेतली. या दौऱ्यात चिंतेने आपण जवळजवळ रोज रडत होतो, हेही सांगितलं.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी ग्रुपवर लिहिलं, "आमची पोरगी!!!" तीन उद्गारचिन्हं. ते 'आमची' लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

पाच मिनिटांनी माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचा मेसेज आला. "खेळ सगळ्यांचा, देव ज्याचा त्याचा. माइकवर देव कशाला?"

माझ्या डोक्यात एकदम जाळ झाला. त्याच्या मागे एक वर्षाचा साठा होता. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या एका जिमखान्याने जेमिमाचं मानद सदस्यत्व रद्द केलं होतं. तिच्या वडिलांनी तिथे धार्मिक कार्यक्रम घेतले असा आक्षेप होता. वडिलांनी धर्मांतराचा आरोप साफ नाकारला. परवानगी घेऊनच प्रार्थना झाल्या, असं त्यांनी सांगितलं. त्या वेळी त्या मुलीबद्दल जे जे लिहिलं गेलं ते मी रात्र रात्र वाचलं होतं. मी मैत्रिणीला उत्तर दिलं, "हेल्मेट काढून आकाशाकडे बघणाऱ्यांना कधी विचारलंस हे? तूपण त्यांतलीच निघालीस."

मग ग्रुपमध्ये सगळेच उतरले. कुणीतरी लिहिलं, "तुझ्या आजोबांना बाटताना काय मिळालं होतं, ते पण सांग." माझे आजोबा डहाणूच्या मिशन दवाखान्यात कंपाउंडर होते. तुमच्यापैकी अनेकांच्या घरच्यांच्या जखमा त्यांनी बांधल्या आहेत. रात्री साडेबाराला मी ग्रुप सोडला. त्या रात्री ठरवलं होतं की मेळाव्यालाही यायचं नाही.

तरीही आज मी इथे उभी आहे, ती २ नोव्हेंबरच्या पावसामुळे.

तो रविवार होता, फायनलचा दिवस. आईला भेटायला मी मसोलीला आले होते. सकाळी तिला घेऊन भक्तीला जाऊन आले. दुपारी दारात मैत्रीण उभी. हातात चिकूची पिशवी. आई तिला बघून एवढी हरखली की मला तोंड फिरवून आत जाणं शक्यच झालं नाही. सामना तीनला सुरू व्हायचा होता. नवी मुंबईत पाऊस लागला आणि तो पाचला सुरू झाला. आम्हा दोघींसमोर टीव्हीवर नुसती झाकलेली खेळपट्टी, आणि मोकळे दोन तास.

अर्धा तास आम्ही चिकूबद्दल बोललो. यंदा फळ कसं आहे, पावसाने किती गळलं. मग तीच म्हणाली, "मागे जाऊया का? शेवटचा जुळलेला बॉल?"

मला हसूही आलं आणि रडूही आलं. आणि आम्ही खरोखरच मागे गेलो. जेमिमाची खेळी थोर होती, जुळलं. तिला त्या खेळीसाठी शिव्या घालणारे नीच होते, जुळलं. ज्याच्या त्याच्या मनाला ज्यातून बळ मिळतं त्याची थट्टा करू नये, जुळलं. ग्रुपवरचा आजोबांबद्दलचा तो मेसेज घाणेरडा होता, तेही जुळलं. तिने सांगितलं की तिने त्या माणसाला त्याच रात्री फोन करून झापलं होतं. मी ग्रुप सोडला होता, म्हणून मला ते कळलंच नव्हतं.

मग फरक पडला कुठे? ती म्हणाली, "तू मला विचारलंच नाहीस की मी तसं का लिहिलं."

ती तलासरीकडे आश्रमशाळेत शिकवते हे मला माहीत होतं. ती तिथे काय बघते हे मला माहीत नव्हतं. तिने सांगितलं, एका पाड्यावर दोन भाऊ आहेत. एक ख्रिस्ती झाला, एक आपल्या जुन्या देवांचाच राहिला. धाकट्याच्या लग्नाला मोठा गेला नाही. आई वारली तेव्हा तिला कुठे आणि कशा रीतीने पुरायचं यावरून प्रेत अंगणात असताना भांडण झालं. त्या दोघांची मुलं तिच्या वर्गात एका बाकावर बसायची. आता बसत नाहीत. ती म्हणाली, "त्या मुलांना एकत्र आणायला माझ्याकडे एकच गोष्ट उरली आहे. मधल्या सुट्टीतलं क्रिकेट. तिथे कुणी कुणाचा देव आणत नाही. त्या रात्री तू 'आमची' लिहिलंस आणि मला वाटलं, झालं, आता क्रिकेटमध्येही दोन बाक."

मी गप्प झाले. कारण 'आमची' म्हणताना माझ्या मनात भारत नव्हता. मसोली नव्हती, मुंबईही नव्हती.

आणि मला पपांचे विजय हजारे आठवले.

आमच्या घरी हजाऱ्यांचं नाव फार आदराने घेतलं जायचं. विजय सॅम्युअल हजारे. सांगलीचे, शाळामास्तरांचे चिरंजीव, मराठी ख्रिस्ती घरातले. भारताने पहिली कसोटी जिंकली ती १९५२मध्ये मद्रासला, त्यांच्याच कप्तानीखाली. पण पपांची आवडती गोष्ट त्याआधीची. त्या काळी मुंबईत पंचरंगी सामने व्हायचे. संघ धर्मावर पाडलेले. आधी युरोपियन आणि पारशी, १९०७पासून हिंदू, १९१२पासून मुस्लिम. आणि १९३७पासून पाचवा संघ 'द रेस्ट', म्हणजे उरलेले. ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू, जे कुठेच बसत नव्हते ते. हजारे या उरलेल्यांचे.

१९४३ची फायनल ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाली. हिंदू संघाने ५ बाद ५८१वर डाव घोषित केला, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. उरलेले १३३मध्ये आटोपले आणि फॉलोऑन आला. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा, त्यातल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! धाकटे भाऊ विवेक यांच्याबरोबर त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली, आणि तीत विवेक यांचा वाटा २१चा. तरी सामना एक डाव आणि ६१ धावांनी गेलाच. पपा हा आकडा सांगताना छाती फुगवायचे. "आपला हजारे," म्हणायचे.

गांधीजींचा या सामन्यांना विरोध होता. १९४०मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी त्यांचा सल्ला घ्यायला गेली, तेव्हा खेळात धर्मावर संघ पाडणं आपल्याला पटत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या बाजूचे लोकही काही वेडे नव्हते. त्यांचं म्हणणं, मैदानावर भिडूनच माणसं एकमेकांना ओळखतात, स्टँडमधले लोक समोरच्या संघाच्या फटक्यालाही टाळ्या देतात. हा वाद काही वर्षं चालला आणि १९४६मध्ये ती स्पर्धा बंद पडली ती कायमची. पुढे मर्चंट आणि हजारे दोघेही एकाच भारतीय संघातून खेळले. आज देशातली एकदिवसीय स्पर्धा हजाऱ्यांच्या नावाने खेळली जाते, आणि ती खेळणाऱ्या कुठल्याही मुलाला हजारे कुठल्या चर्चचे होते हे विचारायची गरज पडत नाही.

मला अचानक कळलं की त्या रात्री आपल्या ग्रुपवर मी आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून पंचरंगी सामना परत भरवला होता. मी स्वतःच 'उरलेल्यां'ची टोपी घातली आणि मग तुम्ही मला उरलेली समजता म्हणून रडत बसले.

मी मैत्रिणीला सॉरी म्हटलं. 'तूपण त्यांतलीच' या दोन शब्दांसाठी. ती म्हणाली, "थांब, माझीही एक ओळ राहिली आहे." मग ती म्हणाली, "आई नारळ ठेवायची तेव्हा मला कधी वाटलं नाही की आम्ही क्रिकेटमध्ये देव आणतोय. स्वतःच्या घरचा देव दिसत नाही, दुसऱ्याचा लगेच दिसतो. तू आकाशाकडे बघणाऱ्यांचं लिहिलंस, ते चुकीचं नव्हतं. फक्त तू ते फेकून मारलंस."

आता तुम्हाला वाटेल, झालं, दोघींचं एकमत झालं आणि गोष्ट संपली. तसं झालं नाही. ती आजही म्हणते की देशाचा शर्ट घातल्यावर माइक अकरा जणींचा असतो, तिथे आपला देव मनात ठेवावा. मी आजही म्हणते की बळ कुठून आलं असं कुणी विचारलं तर माणसाने खरं तेच सांगावं. ती मुलगी खोटं बोलली असती तर बरं झालं असतं का? आम्ही दोघींनी एकमेकींना बाजू पटवून पाहिल्या. पटल्या नाहीत. पाच वाजले, पाऊस थांबला, आणि आम्ही वही काढली.

हो, खरोखरची वही काढली. पोरांच्या जुन्या वहीची मागची पानं. एक ओव्हर तिने लिहायची, एक मी. शफाली वर्माच्या ८७, दीप्ती शर्माच्या ५८, आपल्या ७ बाद २९८. जेमिमाच्या २४ झाल्या. त्या नेमक्या मैत्रिणीच्या ओव्हरमध्ये लिहायच्या आल्या, आणि तिने त्या सुवाच्य अक्षरात लिहिल्या. वोल्वार्टने शतक ठोकलं तेव्हा आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. मध्यरात्र झाली तेव्हा दक्षिण आफ्रिका २४६वर सर्वबाद, दीप्तीच्या पाच विकेट, भारत जगज्जेता. आई खुर्चीत झोपून गेली होती. दोघींच्या ओव्हरांची बेरीज केली. जुळली. यंदा एकही वाइड राहिला नव्हता.

माझ्या कामात एक गोष्ट रोज होते. प्रोग्राम काल चालत होता, आज बंद पडला. दहा जणांनी मध्ये बदल केलेले. नवीन मुलं लगेच विचारतात, "कोणी बिघडवलं?" मी त्यांना सांगते, "आधी शेवटचं चालतं व्हर्जन शोधा, आणि तिथून एकेक बदल तपासत या." नऊदा तरी असं होतं की ज्याच्यावर आपला संशय असतो त्याचा तो दोष नसतोच. आणि कधीतरी दोष आपलाच असतो, धापा टाकत लिहिलेल्या ओळीत. मुलांना वाटतं मॅडम फार मोठं काही इंजिनिअरिंग शिकून आल्या आहेत. इंजिनिअरिंग मी शिकले, पण ही युक्ती मसोलीच्या मैदानावरच्या पी.टी.च्या सरांची आहे. सर, आज तुम्ही इथे आहात. ती एक धाव माझ्या हाताने लिहायला लावलीत, त्याबद्दल तीस वर्षांनी आभार मानते. त्या दिवशी मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं ते इथे सांगत नाही.

मंडळी, आपण आता पंचेचाळीशी ओलांडलेली माणसं. आपल्यात सगळ्या पक्षांचे, सगळ्या देवांचे आणि देव न मानणारेही आहेत. आयपीएलचे किती संघ आहेत ते तर विचारूच नका. वाद होणारच. माझी एवढीच विनंती आहे की रात्री अकरानंतर ग्रुपवर वाद नको, कारण तेव्हा सगळेच धापा टाकत असतात. कुणाचं वाक्य खटकलं तर उत्तराआधी एक प्रश्न विचारा. मला त्याने फार महागात पडण्यापासून वाचवलं असतं. आणि आजोबांपर्यंत जाऊ नका. आपल्या सगळ्यांचे आजोबा एकाच दवाखान्यात, एकाच बाजारात, एकाच मीठ-चिकू-मासळीच्या गावात राहिले आहेत.

ज्याने तो मेसेज लिहिला होता तोही आज इथे आहे. सकाळी चहाच्या वेळी तो माझ्याकडे आला. काय बोलला ते आमच्या दोघांत राहील. वही जुळली, एवढंच सांगते.

मी परवा ग्रुपमध्ये परत आले. मला परत घेतलं ते माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने. सोबत तिने एकच ओळ लिहिली होती: "स्कोअरर आली. आता वही हिच्याकडे."

मी ती घेतली आहे. पण तिला एक विनंती आहे. रविवारी सकाळी आठ ते साडेनऊ वही तूच धर. मी भक्ती सुटल्यावर धावत येते.